अदलाबदलीचे कारण

वारा सुटला त्याला आज चौथा दिवस होता. सकाळी तो बोचरा असे, दुपारी भाजणारा होई, आणि दोन्ही वेळी त्यात ओल म्हणून नसे. उभ्या पिकाला पिकायला उसंत न देता तो एकदम म्हातारे करीत होता. वरच्या शेतात बारकी उकिडवी बसली. मसुराची एक शेंग चिमटीत धरून तिने कानाशी नेली आणि हलवली. आत दाणा सुटा झाला होता. आवाज इतका बारीक, की ऐकायला श्वास रोखावा लागला. पण एकदा ऐकल्यावर तो साऱ्या शेतातूनच येतो आहे असे तिला वाटू लागले. अजून चार दिवस, फार तर पाच. त्यानंतर शेंगा उभ्याउभ्याच तडकणार होत्या आणि दाणा मातीत जाणार होता.

तिचे वय चव्वेचाळीस, कानशिलांवरचे केस पांढरे. तरी सगळे तिला बारकीच म्हणत. ताई अजून होती ना. थोरली असेपर्यंत धाकटीला मोठे होता येत नाही.

चढावरून एक माणूस येताना दिसला. डोक्याला रुमाल, पाठीला पिशवी, हातात मोबाइल. बांधावर पोचताच तो आधी खाली बसला, बूट काढून त्यातले खडे झटकले, आणि मग बोलला.

"पाहणीला आलोय. अनुदानाच्या. हे शेत कुणाचं?"

"माझं."

त्याने मोबाइलवर बोट फिरवले. "इथं तर तुमच्या थोरल्या बहिणीचं नाव आहे."

"नाव तिचंच आहे. शेत माझं."

"आणि खालचं, ओढ्याकाठचं?"

"ते नाव माझं. शेत तिचं."

पाहणीवाल्याने क्षणभर डोळे मिटले. मग मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर शेताची वेडीवाकडी चौकट होती आणि तिच्या मधोमध एक निळा ठिपका थरथरत होता. "हा मी," तो म्हणाला. "आणि मी जिथं उभा आहे तिथं गहू पाहिजे."

"गहू खाली आहे."

"खाली मसूर लिहिलाय."

"मसूर तर हा काय."

"मला दिसतोय, बाई. मोबाइलला दिसत नाही."

कडधान्य पेरणाऱ्याला सरकार एकरामागे अनुदान देत असे. उताराच्या हलक्या जमिनीला ते बऱ्यापैकी मिळे, आणि त्या पैशांतून दोन्ही शेतांची नांगरट नि बियाणे निघे. आजवर घराला मिळून एकच अर्ज असायचा: इतका गहू, इतका मसूर. यंदापासून प्रत्येक शेताचा निराळा अर्ज आणि प्रत्येक शेतापाशी असा एक ठिपका. दोन्ही अर्ज खोटे ठरले, तर दोन्ही बहिणी तीन वर्षांसाठी यादीबाहेर जाणार होत्या. पाहणीवाल्याने हे सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात धमकी नव्हती. दिवसभरात दहा ठिकाणी तेच तेच सांगून शब्दांना पडतो तसला एक घट्टा होता.

"दुरुस्ती होते," बूट चढवताना तो म्हणाला. "कार्यालयातून अदलाबदलीचं निवेदन आणा. चौथ्या दिवशी मी परत या बाजूला आहे. ज्या शेतावर जिचं नाव, तिनं त्या शेतात उभं राहायचं. फोटो होईल. तोवर एक काडी उपटायची नाही. रान मोकळं केलंत तर मी बघू काय?"

"चार दिवसांत हा झडून जाईल."

त्याने एक शेंग हातात घेतली आणि कानाशी नेली. शेतकऱ्याच्या घरचा असावा. मग त्याने ती तिच्या हातात परत दिली आणि तो उतरू लागला.

*

घर एकच होते. वाटणीनंतर त्याची दोन झाली. मधली भिंत बांधली बारकीच्या नवऱ्याने. तो गवंडी. भिंत बांधून झाल्यावर पाहतात तो त्याने तिच्यात एक खिडकी ठेवलेली, विचारले तेव्हा म्हणाला, "बहिणी आहेत. भांडायला घराबाहेर कशाला जायचं?" त्या खिडकीतून गेली अकरा वर्षे पीठ, विस्तव, औषधे आणि शिव्या यांची ये-जा चालू होती.

संध्याकाळी ताई अंगणात पाय पसरून खुरप्याची मूठ आवळत बसली होती. डावा पाय पसरलेला. उजवा तिला पसरावा लागत नसे, तो तसाच राहायचा. सात वर्षांपूर्वी भरल्या गाडीचे चाक त्याच्यावरून गेले, तेव्हापासून तो गुडघ्यात वाकत नव्हता. बारकीने सगळे सांगितले. ताईचे हात मुठीवर चालतच राहिले.

"अर्ज भरताना तू काय सांगितलंस?"

"अर्ज भरणाऱ्या पोरीनं विचारलं, थोरलीच्या शेतात काय आहे. माझ्या डोळ्यांपुढं तू गव्हात उभी. मी म्हटलं, गहू."

"मग बरोबर सांगितलंस की."

"बरोबर सांगितलं म्हणून तर चुकलं."

खिडकीतून गवंड्याचा आवाज आला. "दोघींच्या डोक्यांचीही अदलाबदल करून बघा. एखादं चालेल."

"तू जेव," ताई म्हणाली. मग मूठ हातात फिरवून पाहत बारकीला म्हणाली, "यादीबाहेर गेलो तर काय होईल?"

"खालचं निघेल कसंतरी. वरचं पडीक टाकावं लागेल."

"वरचं पडीक टाकायचं नाही." हे तिने खुरप्याला सांगावे तसे सांगितले. "कागद आण जा. काय लिहायचं ते लिहू. तुझ्या दुखण्यानं अदलाबदल केली, त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

 बारकीला दुखणे नव्हते.

पाय गेला त्या वर्षी ताईने कुणाची मदत घेतली नव्हती. ती पहाटेच निघायची आणि चढ चढायची. कशी चढते ते कुणी पाहू नये, म्हणून तर ती वेळ. बारकीने एकदा पाहिले. झुडपाआड उभी राहून तिने पाहिले, की तिची थोरली बहीण, जिच्यापुढे बाजारात दलाल आवाज खाली आणीत, दोन्ही हात जमिनीला टेकून, तो लाकडासारखा ताठ पाय मागे ओढत, चार पायांच्या आणि एक पाय मेलेल्या जनावरासारखी वर सरकते आहे. बारकी तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमरेवर हात ठेवून ताईपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, खालच्या शेतातल्या ओलीने माझे अंग धरते, रात्र रात्र झोप नाही, मला वरचे देतेस का? आयुष्यात इतके खोटे ती एका दमात कधी बोलली नव्हती. ताई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग उपकार केल्यासारखी म्हणाली, "घे. तुझ्या जिवापेक्षा शेत मोठं नाही."

त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत ताईने तिची पाठ चोळली. संध्याकाळी तेल कोमट करून ती हाक मारी, बारकी पालथी पडे, आणि ताई विचारी, "कुठं?" बारकीला रोज एक जागा ठरवावी लागे. कधी ती काल डावा खांदा सांगून आज उजवा सांगे. ताई म्हणे, "फिरतं दुखणं आहे, हट्टी असतं," आणि जास्तच जोर लावी. त्या हातांखाली बारकीला खरोखरच कुठेतरी दुखू लागे. पण ते अंगात नसे.

"सात वर्षं फुकट पाठ चोळून घेतलीस," त्या रात्री जेवताना गवंडी हळूच म्हणाला. "आता सांगून टाक."

"सांगते. तू आधी माझ्या जागी बसून दाखव."

*

कार्यालयात बाकावर जागा नव्हती. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसांच्या पाठींनी तिथला रंग एका उंचीवर पुसला गेला होता. बारकीही त्याच पट्ट्याला टेकून उभी राहिली. दोन तासांनी तिचा नंबर आला. खिडकीमागे चष्मा कपाळावर ढकललेली एक कारकून बाई होती. तिच्यासमोर पाण्याच्या बाटलीत एक वेल लावलेली होती, आणि बोलताना ती त्या वेलीचे वाळके पान शोधत असे.

"अदलाबदल किती वर्षं चालू आहे?"

"सात."

"आणि कारण?"

"माझं अंग दुखतं. ओलाव्यानं."

"आजार. म्हणजे दाखला लागेल. सरकारी डॉक्टरचा. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतात." तिला एक पान सापडले, तिने ते खुडले. "दुसरं काही कारण आहे का? अपंगत्व वगैरे असेल तर दाखल्याची गरज नाही. पाहणीवाला डोळ्यांनी बघून लिहू शकतो."

बारकीने ओठ उघडले. पलीकडे कारकून बाईचे पेन कागदावर टेकले होते. एवढ्या एका शब्दाचे काम होते. पण निवेदनाच्या तळाशी तिला दोन रेघा दिसत होत्या, दोघींनी सह्या करायच्या. आणि ताई वाचल्याशिवाय सही करीत नसे. बाजारची पावतीसुद्धा ती उन्हात धरून दोनदा वाचे.

"ती जागा कोरी ठेवू का?" बारकीने विचारले.

"कोरी ठेवून कसं चालेल? इतकी वर्षं उगाच दुसऱ्याच्या शेतात राबत होता का तुम्ही?" मागे कुणीतरी हसले. कारकून बाईला ते आवडले नाही, तिने मान वर करून रांगेकडे पाहिले, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "घरी न्या. शेतात उभ्या असाल तेव्हा पाहणीवाल्यासमोर भरा. पण दोघींचं कारण एकच पाहिजे हं. एकीनं एक, दुसरीनं दुसरं असं लिहिलंत तर सरळ नामंजूर होतं."

परतीच्या गाडीत बारकी कागदाची घडी पोटाशी धरून बसली होती. बाहेर दोन्ही बाजूंनी लोकांची शेते मोकळी होत चालली होती.

*

त्यानंतरचे दोन दिवस तिने काहीही करायचे नाही हे काम केले. त्यासारखे दमवणारे दुसरे काम नसावे. पहाटे, शेंगांवर दवाचा हात असेपर्यंत, ती ओळींमधून फिरे. दवाने शेंग मऊ राही, तडकत नसे. ज्या तडकणारच अशा दिसत, तेवढ्या ती ओच्यात खुडून घेई. उन्हे वर आली, की दव जाई आणि वारा कामाला लागे. मग तिला बांधावर बसून ऐकावे लागे. एक तड. जरा वेळाने दुसरी. दुपारी तर पावसाच्या पहिल्या थेंबांसारख्या, पण पाऊस कुठेच नाही.

पलीकडच्या बांधावरून शेजारी ओरडला, "बारके, तुझा मसूर आता पेरायचीही गरज नाही. आपला आपणच पेरतोय."

"तुझ्या बांधावर उगवला तर परत आणून दे," ती म्हणाली. पण तिचा आवाज वाऱ्याने तिच्याच तोंडात परत कोंबला.

तिसऱ्या संध्याकाळी ताईने हाक मारली. तेल कोमट झाले होते.

"आज नको, ताई."

"वरच्या वाऱ्यात दिवसभर बसतेस आणि नको म्हणतेस? पड." बारकी पालथी पडली. "कुठं?"

बारकीला जागा सुचेना. "सगळीकडं," ती म्हणाली.

ताईचे तळवे सावकाश पाठभर फिरू लागले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "उद्या मी वर येणार म्हणजे येणार. गवंडी म्हणतो, पाठीवर घेऊन जातो. मी म्हटलं, मला सिमेंटची गोणी समजतोस का?"

"ताई, पाहणीवाल्याला सांगितलं की तो पायथ्याशीच फोटो—"

"ठिपका वर आहे ना? मग मीही वर."

*

पाहणीवाला सकाळी लवकर आला. आधी दोघी बहिणी आणि तो ओढ्याकाठी गेले. बारकी गव्हात उभी राहिली. सात वर्षांत ती या शेतात केवळ निरोप द्यायला आली होती. पायाखाली ओल होती, मऊ, दयाळू. गहू कमरेला लागत होता. ताईने एकेक वाफा असा बांधला होता, की जणू लंगडत्या पावलाची सगळी वाकडी रेघ तिने स्वतःकडे ठेवून घेतली आणि सरळ तेवढी जमिनीला दिली. फोटो झाला. मोबाइलने टुण्‌ केले.

मग चढ.

गवंडी पायथ्याशी येऊन उभा होता, नुसताच, हात मागे बांधून. ताईने त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मी आपला हवा खायला आलोय." "खा," ती म्हणाली आणि तिने काठी टेकली. तोही मागून निघाला.

पहिले वळण तिने उभ्याने काढले. काठी पुढे, डावा पाय वर, मग कमरेतून एक झोका आणि तो ताठ पाय अर्धवर्तुळ काढीत मागून यायचा, जसे जड दार बिजागरीवर फिरते. दुसऱ्या वळणाला खडी सुटी होती. तिथे काठी सरकली. पाहणीवाला दोन पावले पुढे झाला. बारकीने त्याची बाही धरली आणि डोळ्यांनी नको म्हटले. ताई थांबली. मागे तीन माणसे आहेत हे तिला ठाऊक होते. पाठमोऱ्या ताईच्या मानेवरच्या घामाकडे पाहत बारकीला कळत होते, की आता तिच्या आत कसली मोजदाद चालली असेल.

मग ताई खाली वाकली. काठी बाजूला ठेवून तिने दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि तशीच वर सरकू लागली.

पाहणीवाल्याने मोबाइल खिशात घातला. त्याला आता बूट बांधायचे होते; तो बराच वेळ बांधत राहिला. गवंड्याने दरीकडे तोंड केले. बारकीने काठी उचलली आणि चार हात मागून चालू लागली, मदत वाटू नये इतकी लांब, आणि ताई घसरलीच तर आपल्यावर येऊन थांबेल इतकी जवळ.

वर पोचल्यावर ताई बांधाला धरून उभी राहिली. तळवे खरचटले होते. तिच्यात श्वास उरला नव्हता.  ती शेत पाहत होती. ती सोडून गेली तेव्हा इथे दगडच जास्त होते. ते आता चारी कडांना रचून ठेवलेले होते, गुडघाभर उंचीचे, मोठे तळाशी, लहान वर, फटींत बारीक खडे भरलेले. आणि मधे एकाही ठिकाणी जमिनीला खरूज दिसत नव्हती. मसूर पिवळा पडून उभा होता. त्यावरून वारा आला आणि ताईच्या ओल्या मानेला लागला. हाडापर्यंत गेला. तिने पदर गळ्याभोवती ओढून घेतला आणि मग तिचा हात तिथेच राहिला.

तिने वळून बारकीकडे पाहिले. एखादी पावती उन्हात धरून पाहावी, तसे.

"मधे या, मावशी," पाहणीवाला म्हणाला. "अजून थोडं. हां." ठिपका चौकटीत आला. ताई मसुरात उभी राहिली, काठीशिवाय, ताठ. टुण्‌ झाले. "आता निवेदन. अदलाबदलीचं कारण काय लिहू?"

"माझं दुखणं," बारकी घाईघाईने म्हणाली. "ओलाव्यानं अंग धरतं. दाखला आणते मी. पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतो, तोवर तुम्ही—"

"दाखला आजच लागतो, बाई. मी आज कागद पाठवणार."

"लिहून तर ठेवा. मी आणतेच."

"ज्याचं अंग दुखतं," ताई म्हणाली, "तो या वाऱ्यात एक थंडी काढणार नाही." तिचा आवाज शांत होता. "हिला काही झालेलं नाही. लिही, बाबा. थोरलीचा पाय गेलाय. तिला हे शेत करता येत नाही."

बारकीने खाली पाहिले. पाहणीवाल्याने पेन काढले, कागद गुडघ्यावर ठेवला आणि थांबला. "एक अडचण आहे, मावशी. मला डोळ्यांनी बघून लिहायचं असतं. आणि तुम्ही तर चढून आलात."

"आले."

"म्हणजे कुणी विचारलं तर..."

"तर सांग, उतरताना बघितलं नाही म्हणून. ते याहून बघण्यासारखं असतं." ती बांधावर बसली आणि दोन्ही तळवे उलटे करून तिने त्याच्यापुढे धरले. त्याने ते पाहिले. मग आणखी काही न विचारता तो लिहू लागला. आपल्या पायाबद्दलचे ते वाक्य कागदावर उमटत असताना ताई त्याच्या पेनाकडे बघत होती. तोंड घट्ट, दात उपटून घेताना असते तसे. लिहून झाल्यावर तिने कागद मागितला, उन्हात धरला, दोनदा वाचला आणि सही केली. मग पेन बारकीकडे दिले.

"एक रकाना राहिला," तो म्हणाला. "अदलाबदल किती वर्षांसाठी? याच्यापुढे दर साली हे करायला नको असेल तर आत्ताच आकडा घाला."

दोघी एकमेकींकडे न पाहता बसल्या. बारकीला वाटले, आता ताई म्हणेल, एक. आता तिला सगळे कळले आहे; ती म्हणेल, पुढच्या वर्षी माझे मला परत दे. तिच्याकडून ताईची बरोबरी कधी झाली नव्हती, एका खोट्याच्या जोरावर तेवढी झाली होती, आणि तीही आता गेली.

"किती घालता येतात?" ताईने विचारले.

"दोन आकड्यांची जागा आहे."

"मग मावतात तितकी लिही."

पाहणीवाल्याने नव्व्याण्णव लिहिले आणि कुणी हसते आहे का ते पाहायला मान वर केली. कुणी हसत नव्हते. त्याने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. "आता उपटा," तो म्हणाला. "वारा वाढतोय." उतारावरून गवंड्याच्या सोबतीने त्याचे डोके खाली खाली जात दिसेनासे झाले.

"मग मी सात वर्षं तुझी पाठ कशाला चोळत होते?" ताई म्हणाली.

"बरं वाटायचं."

"एकदा डावा खांदा, एकदा उजवा."

"तुझ्या लक्षात आलं होतं?"

"मला वाटलं, डोकं पण धरलं असेल ओलीनं."

बारकीच्या तोंडून हसू फुटले आणि अर्ध्यात बदलले. तिने पदराने नाक पुसले. ताई तोवर सरकत पहिल्या ओळीशी जाऊन बसली होती, ताठ पाय ओळीच्या बाजूने पसरून. मसूर ठेंगणा, उभे राहण्याची गरजच नव्हती. हात पोचेल तिथपर्यंतची रोपे ती बुडाशी धरून उपटी, मुठीत जमवी, डावीकडे ठेवी, आणि मग दोन्ही हातांवर भार देऊन वीतभर पुढे सरके. तिची उपटणी सुंदर होती. एक शेंग तडकत नव्हती. पण वीतभरच.

शेजारच्या ओळीत बारकी चार ढांगा पुढे गेली होती. ती थांबली. उपटलेले नीट रचू लागली. रचलेले पुन्हा रचू लागली.

"माझ्यासाठी थांबू नकोस," मागून ताई म्हणाली. "दुपारच्या आत निम्मं निघालं पाहिजे."

"थांबले नाही. दम लागलाय मला."

ताईने मान वर केली. बारकी दम लागल्यासारखी छातीवर हात ठेवून उभी होती. चांगली ठणठणीत, धडधाकट, वाऱ्यात केस उडत असलेली. ताई तिच्याकडे नीट पाहत राहिली, आणि मग तिने ओळीत हात घातला.

"मग बस जरा," ती म्हणाली. "तेवढ्यात मी येते तिथवर."